पुष्पजल म्हणजे तेल मिसळलेले पाणी नव्हे
पाण्याच्या बाटलीत सुगंधी तेलाचे चार थेंब टाकून हलवले की पुष्पजल तयार होते आणि ते कधीच खराब होत नाही, असा संदेश गोव्यात मोबाइलवर फिरत आहे. हे खरे नाही. फुलांतून नेलेली वाफ थंड केल्यावर वर तरंगणारे तेल वेगळे करतात, आणि खाली उरते ते पुष्पजल. बाटलीतले तेल मात्र पाण्यात विरघळत नाही. थोड्याच वेळात त्याचा पुन्हा तवंग धरतो, आणि तोच विरळ न झालेला थेंब गालावर पडला तर त्वचा चुरचुरून लाल होऊ शकते. खऱ्या पुष्पजलातही जंतू व बुरशी वाढतात, म्हणून आपल्याकडच्या दमट हवेत ते फ्रिजमध्येच ठेवावे आणि धाग्यांसारखा गाळ दिसताच फेकून द्यावे. त्याच संदेशात अबोलीच्या सुगंधी पाण्याचाही उल्लेख आहे; ते तर नवलच, कारण अबोलीला मुळात वासच नसतो.