दोघी एका खोलीत राहिल्या की गुन्हा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 'उच्चभ्रू वस्तीत सेक्स रॅकेटचा पर्दाफाश.' फ्लॅटचं दार सताड उघडं, आत पोलीस, तीन बायका ओढणीत तोंड लपवतायत आणि मोबाईल धरणारा माणूस ओढणीच्या फटीतून चेहरा दिसतोय का बघतोय. खाली टाळ्यांचे इमोजी. एका शेजाऱ्यांनी लिहिलं, "असल्यांना शहराबाहेर हाकला." यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. दुपारपर्यंत गप्प बसले, आता बसवत नाही. लांब लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं आपल्या देशात गुन्हा नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस, वकील आणि त्या बायका सगळेच 'पिटा' म्हणतात, त्यात शिक्षा आहे ती कुंटणखाना चालवण्याला, दलालीला, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावण्याला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या छाप्यात सापडलेल्या तीन तरुणींना सोडून देताना हे स्वच्छ सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागायला सांगितलं, आणि छाप्यात त्यांची ओळख उघड होईल असे फोटो बाहेर येऊ नयेत असंही सांगितलं. हे वाचून मग परत तो व्हिडिओ बघा. बघवतो का?

मी नोकरीची बरीच वर्षं ग्रँट रोडजवळच्या एका बँकेत काउंटरवर काढली. तिथे एक बाई यायच्या, बेळगावकडच्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. दुपारी गर्दी ओसरली की यायच्या, कमरेच्या पिशवीतून घडीघडीच्या नोटा काढून मोजून द्यायच्या. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेलं होतं. आम्हाला माहीत होतं, आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. कामाठीपुऱ्यात कुंटणखाना चालवणाऱ्या एका घरवालीकडे त्या अधियावर होत्या, म्हणजे कमाईतला अर्धा हिस्सा घरवालीचा. उरलेल्या अर्ध्यात जेवण, औषध, गावाकडचे पैसे आणि हफ्ता. कधी कधी खात्यात भरायला काहीच उरायचं नाही, तरी यायच्या, पासबुक भरून घेऊन जायच्या.

पुढे त्यांनी घरवाली सोडली आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. भाडं तिघींत, गॅस तिघींत. एक आत असली की दुसरी दाराशी. दारू पिऊन आलेल्याला तिघी मिळून जिन्यावरून खाली घालवायच्या. पैसा ज्याचा त्याचा. त्या काळात खात्यात भरणा वाढला, मुलाच्या नावाने ठेव झाली. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर निवांतपणा मी तेव्हाच पाहिला.

आणि कायद्याने नेमका तोच गुन्हा होता.

हे कृपया नीट वाचा, कारण ग्रुपवरच्या एकालाही हे ठाऊक नाही. पिटा कायद्यात कुंटणखान्याची जी व्याख्या आहे तिच्यात 'दोन किंवा अधिक बायकांच्या परस्पर फायद्यासाठी' वापरलेली जागाही येते. दलाल नको, घरवाली नको, कोणी कोणाला डांबून ठेवलेलं नको. दोघींनी भाडं वाटून घेतलं की झाला कुंटणखाना. अक्कांच्या खोलीवर रेड पडली तेव्हा भाड्याची पावती त्यांच्या नावावर होती, म्हणून त्या कुंटणखाना चालवणाऱ्या ठरल्या आणि मैत्रिणी 'पीडित' म्हणून सुधारगृहात. एकमेकींच्या दाराशी राखण करणाऱ्या बायका, एक आरोपी आणि दोघी पीडित!

आता या शहरात बाईला कायद्यात बसून हे काम कसं करता येईल ते बघू. रस्त्यावर उभी राहिली तर कलम ८. नुसती खूण केली तरी पुरे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. खोलीत बसली तर देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटर लांब असायला हवं. मुंबईत अशी जागा मला दाखवा. गिरगावापासून दहिसरपर्यंत कुठेही बोट ठेवा. मसाज पार्लरमध्ये गेली तर मालकाचा धंदा, म्हणजे कुंटणखान्याचं कलम ३. लॉजवर गेली तर लॉजवाला अडकायला नको म्हणून तिलाच मागच्या दाराने पिटाळतो. राहता राहिली एकच वाट. तिने एकटीने, स्वतःच्या घरात, कुणालाही न सांगता, कुणालाही सोबत न ठेवता, अनोळखी पुरुषाला आत घ्यायचं आणि दार लावायचं. एवढंच कायदेशीर, तेही ते घर त्या दोनशे मीटरच्या बाहेर असेल तर. सगळ्यात धोक्याची रीत तेवढी कायद्यात बसते आणि सगळ्यात सुरक्षित रीत गुन्हा आहे.

फोनवरून, ॲपवरून काम करणाऱ्या मुली याच वाटेने जातात. त्यांचं बरं चाललंय असं म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा, मोठ्या हॉटेलच्या बाराव्या मजल्यावर तिने आरडाओरडा केला तर ऐकणार कोण? पैसे जास्त मिळतात, हे मान्य. पिंजऱ्यातल्या, म्हणजे कामाठीपुऱ्यातल्या गजांआडच्या खोलीतल्या, बाईपेक्षा खोली स्वच्छ असते, तेही मान्य. पण पिंजऱ्यात शेजारच्या खाटेवर दुसरी बाई असते.

डान्स बारचं सांगते, कारण अक्कांच्या खोलीतली सगळ्यात लहान मुलगी तिथून आली होती. बारमध्ये नाचणं हा वेगळा धंदा, मला ते एकत्र करायचं नाही. ती नाचायची, टिप घ्यायची, पहाटे टॅक्सीने घरी जायची. २००५ मध्ये सरकारने बारमधला नाच बंद केला. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना त्यातून सूट! तोच नाच पंचतारांकित असला की संस्कृती बुडत नव्हती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो कायदा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम केलं, मग सरकारने पुन्हा नवे कायदे आणले आणि त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ मध्ये न्यायालयाने काढल्या. चौदा वर्षं कोर्टात गेली. ती मुलगी तोवर काय खाणार होती? ती अक्कांच्या दाराशी आली. मुलींना वाचवायचं म्हणून ज्यांनी बार बंद केले त्यांनीच तिला त्या जिन्यावर आणून सोडलं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

हो, अल्पवयीन मुली विकल्या जातात, फसवून आणल्या जातात, आणि त्यांच्यासाठी छापे पडलेच पाहिजेत. यात माझं दुमत नाही. घरवाल्या रक्त शोषतात, तेही डोळ्यांनी बघितलंय. पण चौदा वर्षांची पोर आणि चाळिशीची अक्का यांना एकाच गाडीत कोंबून एकाच व्हिडिओत दाखवलं की पोरीचीही सुटका होत नाही.

'गरिबीने केलेली निवड ही निवड नव्हे' असं आमच्याच काही मैत्रिणी म्हणतात. असेल. मग भांडी घासणारीची, वीटभट्टीवरची तरी कुठे निवड असते? तिच्यावर कोणी रेड टाकत नाही.

हे लिहिताना पुन्हा अक्काच समोर येतायत. जामिनावर सुटल्यावर खोली गेली होती. मग त्या एकट्या काम करायला लागल्या, कुठे ते मी विचारलं नाही. एके दिवशी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून आल्या. गिऱ्हाइकाने पिरगाळला होता. पैसे काढायचे होते, डाव्या हाताने केलेली सही जुळेना. साहेबांसमोर अंगठा घेऊन पैसे दिले. पोलिसात गेलात का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढचं टोकन पुकारलं.

त्यांचा मुलगा आयटीआयला होता, हुशार. तो अठराचा झाला त्या सुमाराला त्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "मॅडम, वकील म्हणतो पोरगा आता माझ्या पैशावर जेवला तर त्यालाबी आत टाकतील. खरं का ते?" मी घरी येऊन वाचलं. खरं आहे. कलम ४. बाईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कोणीही व्यक्ती, दोन वर्षांपर्यंत कैद. दलालासाठी केलेलं कलम, पण त्यात मुलगा येतो, म्हातारी आई येते, शिकणारी बहीण येते. आईने फी भरली म्हणून मुलगा गुन्हेगार होऊ शकतो, असा कायदा आपण इतकी वर्षं पोसलाय.

न्यूझीलंडने २००३ मध्ये कायदा बदलला. चार बायकांपर्यंत कोणीही मालक न ठेवता, आपापली कमाई आपल्या हातात ठेवून, एका जागेत काम करू शकतात, त्याला परवानाही लागत नाही. अक्कांनी मैत्रिणींबरोबर जे केलं होतं तेच. तो देश वेगळा, लोकसंख्या वेगळी, हे मला कळतं. पण व्याख्येतले 'परस्पर फायद्यासाठी' एवढे शब्द खोडायला लोकसंख्या आड येत नाही. कलम ४ मधून आईबाप आणि मुलं वगळायला येत नाही. कलम ८ काढून टाकायलाही नाही.

आणि आता कामाठीपुऱ्याचा पुनर्विकास येतोय, म्हाडाचा. इमारती पडायला आल्यात, तो व्हायलाच हवा. मालकांना किती फूट, भाडेकरूंना किती फूट याच्या बातम्या मी रोज वाचते. खाटेचं भाडं रोजच्या रोज भरणाऱ्या बाईकडे पावती नाही, करार नाही, तिचं नाव कुठल्याच यादीत बसत नाही. ती तिथून उठेल आणि कुठल्या तरी उपनगरात एखादीबरोबर खोली घेईल. तुमच्या-माझ्या सोसायटीतसुद्धा घेईल. तेव्हा तिच्या दाराशी मोबाईल घेऊन उभं राहणाऱ्याला मी जिन्यातच अडवणार आहे, आमच्या ग्रुपवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.