1 कोटी 60 लाखांत एक चूक, पण ती मोजली कुणी?

माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामातून पार्सलं वाटायचं काम करतो. परवा सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरने फोन काढला, एक मेसेज सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग जाहीर केलं की यापुढे पार्सल चुकीच्या दारात गेलं की दंड. भाच्याने तो मेसेज मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, हे खरं आहे का?"

मेसेज तुम्हीही वाचलेला असणार. "मुंबईचे 5000 अशिक्षित डबेवाले रोज 2 लाख डबे पोचवतात. 1 कोटी 60 लाख डब्यांत फक्त 1 चूक! फोर्ब्सने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं. हार्वर्डवाले शिकायला येतात. प्रिन्स चार्ल्सला त्यांची वेळ पाळावी लागली. ना टेक्नॉलॉजी, ना बॉस, ना नियम, ना पीएफ, ना विमा, ना युनियन, फक्त विश्वास! 125 वर्षांत एक दिवस खंड नाही. मग डिग्री कशाला?" शेवटी जोडलेले हात आणि तिरंगा.

मी कॉलेजात संघटनांचं समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हा आकडा उत्तरपत्रिकेत लिहितो, मी लाल शाईने गोल करतो आणि सोडून देतो. या वेळी मात्र तो आकडा कुणाच्या तरी पगारातून पैसे कापायला वापरला गेलाय, त्यामुळे सोडून देणार नाही.

आधी प्रमाणपत्र. फोर्ब्स हे नियतकालिक आहे, परीक्षा मंडळ नव्हे. 1998 साली त्यात डबेवाल्यांवर सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. त्या लेखात सिक्स सिग्मा (चुका कमी करण्याची एक पद्धत, पुढे सांगतो) हा शब्दच नव्हता आणि फोर्ब्सने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही, हा खुलासा पुढे चक्रवर्तींनीच केला आहे. आकडा कसा आला तेही त्यांनी सांगितलंय. संघटनेच्या अध्यक्षांना त्यांनी विचारलं, चूक किती वेळा होते? अध्यक्ष म्हणाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. लेखकाने गुणाकार केला. तेव्हा रोजचे डबे धरले होते पावणेदोन लाख. दोन महिन्यांचे कामाचे दिवस घ्या, 80 लाखांच्या घरात जातं. रिकामा डबा घरी परततो ती खेप धरली की दुप्पट, म्हणजे 1 कोटी 60 लाख. झालं. नोंदवही नाही, तपासनीस नाही, तक्रारींची यादी नाही. कुठल्याही खानावळीच्या मालकाला विचारा, भाजीत केस किती वेळा निघतो? तोही म्हणेल, छे हो, वर्षातून एकदा. त्या उत्तराला ताटांच्या संख्येने गुणलं की असाच जागतिक विक्रम तयार.

पुढची गंमत चक्रवर्तींच्या कानावर आलेली. 2002 च्या सुमारास एका परिषदेत कुणा पत्रकाराने अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? ते काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. चुकांचं प्रमाण सांगितल्यावर ते म्हणाले, मग आहोतच की, फोर्ब्सला विचारा. मग फोर्ब्सने प्रमाणपत्र दिल्याची बातमी. अध्यक्षांना मी दोष देणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मेसेज लिहिणाऱ्याने सिक्स सिग्मा म्हणजे काय हेही पाहिलेलं नाही. ती मोटोरोला कंपनीत 1986 साली आकाराला आलेली, मोजमाप करून दोष कमी करत नेण्याची पद्धत आहे. तिचा प्रचलित निकष 10 लाख संधींमागे 3.4 चुका. त्या हिशेबाने 1 कोटी 60 लाखांत चोपन्न चुका चालतात. म्हणजे मेसेजमधला एका चुकीचा आकडा सिक्स सिग्माच्याही कितीतरी पुढचा आहे, आणि हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही. शिवाय चूक कशाला म्हणायचं? डबा तासभर उशिरा पोचला तर? 26 जुलै 2005 ला दुपारनंतर लोकल ठप्प झाल्या, त्या दिवशीच्या परतीच्या खेपा कुठल्या रकान्यात टाकायच्या?

हार्वर्ड आणि चार्ल्स? हो, खरं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 साली डबेवाल्यांच्या कामावर केस स्टडी तयार केली, ती शिकवली जाते. चार्ल्स 2003 साली चर्चगेटला येऊन त्यांना भेटले आणि डब्यांच्या वेळा सांभाळूनच भेटले. 2005 साली लग्नाचं आमंत्रणही आलं. मान्य. पण राजपुत्र भेटून गेला म्हणून अंकगणित बदलत नाही.

"अशिक्षित." हा शब्द मला सगळ्यात आधी खटकायला हवा होता, इतक्या वर्षांच्या सवयीने तो खटकेनासा झाला. डब्याच्या झाकणावर रंगाने लिहिलेलं असतं: व्हीएलपी म्हणजे विलेपार्ले, डबा जिथून निघाला ते. 3 म्हणजे उतरायचं स्टेशन. 9 ईएक्स 12 म्हणजे तिकडचा डबेवाला नऊ नंबरचा, इमारत एक्सप्रेस टॉवर्स, मजला बारावा. गाडी फलाटावर थांबते तेवढ्या सेकंदांत इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचून डोक्यावरची डब्यांची पाटी भरणाऱ्या माणसाला अशिक्षित कोण म्हणतं? बहुतेकांचं शिक्षण शाळेत कुठेतरी थांबलेलं, एवढंच. पण अशिक्षित म्हटल्याशिवाय चमत्कार होत नाही, आणि चमत्कार झाल्याशिवाय मेसेज पुढे जात नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती ओळ. "ना बॉस, ना नियम, ना पीएफ, ना विमा, ना युनियन, फक्त विश्वास."

बॉस आहे, त्याला मुकादम म्हणतात. वीस-पंचवीस माणसांचा एक गट, त्याचा मुकादम अनुभवी, डबे वेगळे करण्यावर नजर त्याची, गिऱ्हाइकाशी वाद झाला तर मिटवणाराही तोच. नियमही आहेत. कामावर दारू प्यायली, टोपी घातली नाही, न सांगता सुट्टी घेतली की दंड. येणाऱ्याने भांडवल आणायचं: दोन सायकली, लाकडी पाटी, पांढरा सदरा-लेंगा, टोपी. वर संघटना आहे, 1956 पासून तिचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. डब्याचे दर वाढवायचे तर संघटना ठरवते आणि जाहीर करते. आपल्या कामाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवणाऱ्या मंडळींना "ना युनियन" म्हणायला धाडस लागतं. माझ्या भाच्याने गोदामातल्या दहा जणांना गोळा करून पार्सलमागचा दर ठरवून दाखवावा, संध्याकाळपर्यंत त्याचं ओळखपत्र चालेनासं होईल.

पीएफ नाही हे खरं. तो नसण्याचं कारण मेसेज सांगत नाही. डबेवाला नोकर नाही, गटाचा भागीदार आहे. महिन्याची जमा होते, खर्च वजा जातो, उरलेलं गटात सारखं वाटलं जातं. धंद्यात त्याचा वाटा आहे म्हणून तो मालकाकडे पीएफ मागत नाही, मागणार कुणाकडे? ज्याला वाटा मिळत नाही, नुसता पार्सलमागे मोबदला मिळतो, त्याला "बघ, ते मागत नाहीत" म्हणून सांगणं ही फसवणूक आहे, आणि ती सकाळी साडेसात वाजता वंदनीय डबेवाल्यांच्या नावाने केली जाते.

आणि "विश्वास" म्हणजे नेमकं काय, तेही बघा. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम उभं केलं असं सांगितलं जातं. तेव्हापासून माणसं आली ती मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातून. बहुतेक मराठा, बहुतेक वारकरी, आणि शिफारस चुलत्याची नाहीतर मेव्हण्याची. डबा हरवला तर तक्रार फक्त मुकादमाकडे जात नाही, गावच्या यात्रेत पारावर बसणाऱ्या सासऱ्यापर्यंत जाते. मुंबईत तोंड लपवता येईल, गावात कुठे लपवणार? समाजशास्त्रात याला धंदा नात्यागोत्यात रुतलेला असणं म्हणतात, आणि त्याची दुसरी बाजू आम्ही वर्गात आवर्जून सांगतो: दार आतून घट्ट लागतं ते बाहेरच्यांसाठीही घट्टच असतं. त्या पट्ट्याबाहेरच्या, दुसऱ्या जातीच्या माणसाला, बाईला तिथे शिरणं सोपं नाही. ज्या विश्वासाचं एवढं कौतुक चाललंय तो असा तयार झालाय. तो भिवंडीच्या गोदामात सकाळच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटांत भाषणाने कसा तयार होणार? तिथे शेजारी उभा असलेला पोरगा कालच लागलाय आणि पुढच्या महिन्यात बहुधा नसेल.

कामातला फरक तर याहून साधा आहे. डबेवाल्याची घरं ठरलेली, ऑफिसं ठरलेली. तोच डबा, तोच जिना, वर्षानुवर्षं. भाच्याला रोज शंभरेक नवे पत्ते, त्यातले निम्मे "मारुती मंदिराच्या मागे" असे. डबेवाल्यांचे गट दोन-तीन माणसं जादाची धरून चालतात, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन दुसरा करतो. भाच्याच्या गोदामात कुणी आजारी पडला तर त्याची पार्सलं उरलेल्यांत वाटली जातात आणि वेळ तीच राहते. मग चुका होतात. हार्वर्डच्या वर्गात डबेवाल्यांकडून शिकायला काही असेल तर ते हे आहे: चूक कमी करायची तर माणूस जादा ठेवा, रस्ता तोच ठेवा, कमाईत वाटा द्या. सुपरवायझरने यातलं एकही न उचलता फक्त दंड उचलला.

मग हा आकडा इतकी वर्षं टिकला कसा? 1977 साली जॉन मायर आणि ब्रायन रोवन या दोन समाजशास्त्रज्ञांनी म्हटलं होतं की संघटना पुष्कळ गोष्टी काम नीट व्हावं म्हणून करत नाहीत, आपण शोभून दिसावं म्हणून करतात. ज्या काळात जे नाव प्रतिष्ठेचं, ते नाव लावून घेतात. सिक्स सिग्मा हे त्या काळचं प्रतिष्ठेचं नाव होतं. डबेवाल्यांना ते आयतं मिळालं, त्यावर त्यांची व्याख्यानं झाली, त्यांना मान मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाव त्यांना लावलं आणि बिल भाच्याला पाठवलं, तक्रार त्याची आहे.

"टेक्नॉलॉजी नाही" यावर फार बोलत नाही. लोकलचा लगेज डबा काय बैलगाडीला जोडतात? 1925 साली मुंबईत विजेची गाडी धावली, तसल्याच गाडीच्या जोरावर विलेपार्ल्याचा डबा जेवायच्या आधी नरिमन पॉइंटला पोचतो.

आणि खंड. दरवर्षी चैत्रात गावच्या यात्रांसाठी डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात, गिऱ्हाइकांना आधी सांगून. ऑगस्ट 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणाला पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. सर्वसामान्य प्रवाशांना लोकल परत मिळाली ती फेब्रुवारी 2021 मध्ये, तीही ठरावीक वेळांपुरती. तोवर ऑफिसं घरात शिरली होती, पुष्कळ डबेवाले गावी शेतीवर परतले होते, आणि आधीइतके डबे पुन्हा झाले नाहीत. त्या वर्षी हा मेसेज मला दोनदा आला होता, "एक दिवस खंड नाही" या ओळीसकट.