‘मुलांना वेटर करू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

तुमची प्रतिक्रिया मी चार दिवस तशीच ठेवली होती. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला होता, आणि रागात लिहिलेलं नंतर आपलं आपल्यालाच वाचवत नाही. तुम्ही बरीच वर्षं शाळेत शिकवलंत असं लिहिलं आहे, म्हणून सर म्हणते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातल्या आंजर्ल्याजवळच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. त्यातली कुठली कामं मुलांना कशी शिकवली, ते मी लिहिलं होतं. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. त्यावर सरांचं म्हणणं असं की ही बालमजुरीच आहे, ‘संस्कार’ म्हटल्यानं ती वेगळी होत नाही. पैसे मोजून राहणाऱ्याला ‘पाहुणा’ म्हणायला लावून आम्ही मुलांना आदरातिथ्याचा खोटाच अर्थ शिकवतो आहोत. आणि ज्या हातात पुस्तक हवं त्या हातात आम्ही ट्रे दिला. शेवटचं वाक्य होतं, ‘मुलांना वेटर करू नका. मुलीला पुढे काय व्हायचंय ते एकदा तरी विचारलंत का?’

आधी तुमचं जे पटलं ते सांगते.

लेखासोबत धाकट्याचा फोटो होता, खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकम सरबताचे दोन पेले घेऊन उभा असलेला. तो मी काढून टाकला आहे. तो हौसेनं उभा राहिला होता हे खरं, पण नऊ वर्षांच्या पोराची हौस म्हणजे परवानगी नव्हे. आमच्या खोल्यांची जाहिरात करायला त्याचा चेहरा वापरायला नको होता.

दुसरं कायद्याचं. तुमच्यामुळे तो नीट बसून वाचला. बालकामगार कायदा १९८६चा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांवर तर २००६ पासूनच बंदी आहे. घरच्या उद्योगात मुलानं हातभार लावायला मुभा आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. २०१७च्या नियमांनी ही मुभा आणखी आवळली: संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काही नाही, दिवसाला तीन तासांच्या वर नाही, गृहपाठाच्या आड येईल असं काही नाही. दिवाळीच्या सुटीत थोरली सकाळी साडेसातला पाहुण्यांना घावन वाढायची. ती लवकर उठतेच, तिला आवडतं, म्हणून मी कधी विचारच केला नव्हता. ते आता बंद केलं.

पण कायदा वाचून झाल्यावर मला जे टोचलं ते वेगळंच आहे. मूल एखाद्या दिवशी नसलं तर काम अडतं का? अडत असेल तर त्याला मदत म्हणता येत नाही. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे मदतीला येणाऱ्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस गेल्या होत्या. दोन्ही खोल्या सलग भरलेल्या. त्या पंधरा दिवसांत थोरलीनं रोज चादरी बदलल्या, कपबशा विसळल्या, आणि एका दुपारी घड्या घातलेल्या टॉवेलांवर डोकं टेकून पडवीतच झोपली. तक्रार केली नाही. मी येईल त्याला तिचं कौतुक सांगत होते. आज वाटतं, कौतुक करण्यापेक्षा एक खोली बंद ठेवायला हवी होती. यंदाच्या मेमध्ये काकू नसतील त्या दिवशी एकच खोली द्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. हे श्रेय तुमच्या प्रतिक्रियेचं.

‘वेटर’ मात्र मला मान्य नाही. एक तर ते काम हलकं आहे असं माझ्या मुलांनी समजावं, असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे ती मुलं शिकताहेत ते निराळंच काहीतरी आहे. मागच्या लेखात मी ते नीट मांडलं नाही, सरबत आणि चादरींबद्दलच लिहीत बसले.

खोल्या सुरू कशा झाल्या ते आधी सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा थोरली सात वर्षांची होती. सकाळी उभी असलेली पोफळीची, म्हणजे सुपारीची, बाग संध्याकाळी आडवी झालेली तिनं पाहिली. माड मुळासकट उपटून विहिरीवर पडले होते. सुपारीचं रोप लावल्यापासून पीक हाती लागायला सहा-सात वर्षं जातात. मधल्या वर्षांत खायचं काय? तेव्हा कर्ज काढून मागच्या पडवीच्या दोन खोल्या बांधल्या. वाडीचं, म्हणजे बागेचं, शिंपण करायला, सुपारी वेचायला मुलं यायचीच, त्याला कोणी काही म्हणत नव्हतं. आता त्याच घरात माणसं येऊन राहतात.

आणि मुलं त्या घरातच असणार, सर. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या होमस्टे योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या आणि बारा खाटा चालतात, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे ही मूळ अट आहे. म्हणजे अनोळखी माणसं येणार, जाणार, पैसे देणार, रागावणार, आणि हे सगळं माझी मुलं रोज बघणार. बघून ती शिकणारच. त्यांना आपण काही शिकवलं नाही, तर ‘पाहुणा म्हणेल त्याला हो म्हणायचं, कारण तो पैसे देतो’ एवढंच ती शिकतील. मला सगळ्यात भीती त्याची वाटते. म्हणून आम्ही त्यांना आधी ‘नाही’ म्हणायला शिकवलं.

पहिल्याच दिवशी उंबरठ्याचा नियम सांगितला. खोलीत माणसं असताना आत पाऊल टाकायचं नाही, कोणी कितीही प्रेमानं बोलावलं तरी. खोली रिकामी झाल्यावरच जायचं, आणि तेही काकू किंवा मी सोबत असताना. आपली शाळा कुठली, वर्ग कुठला ते सांगायचं नाही. कोणी फोटो काढू लागलं तर ‘आईला विचारा’ म्हणायचं. एकदा एका गृहस्थांनी रात्री नऊच्या सुमाराला थोरलीला हाक मारली, ‘बेटा, जरा बर्फ आणून दे गं.’ ती जागची हलली नाही. पडवीतूनच म्हणाली, ‘बाबांना सांगते,’ आणि सांगितलं. सकाळी चहा घेताना ते गृहस्थ मला म्हणाले, ‘मुलगी जरा आगाऊ आहे तुमची.’ मी त्यांना म्हटलं की तसं तिला आम्हीच शिकवलंय. ती माजघराच्या दारात उभी होती, तिनं ऐकलं. तिला ते ऐकू गेलं हे फार बरं झालं, असं मला अजून वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आहे तेवढंच सांगायचं. मुलांच्या बाबांनी जाहिरातीत लिहिलं होतं, ‘समुद्र दोन मिनिटांवर.’ त्यांना खरंच दोन-तीन मिनिटं लागतात, वाडीतून उड्या मारत जातात ते. मागच्या डिसेंबरात एक कुटुंब आलं, सोबत आजी, गुडघ्यांनी बेजार. पाखाडी, म्हणजे समुद्राकडे जाणारी पायऱ्यांची वाट, उतरताना त्या अर्ध्यात दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही या जाऊन, मी इथेच थांबते.’ धाकटा वाट दाखवायला पुढे गेला होता, थोरली त्यांच्याशेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं बाबांचा फोन मागून घेतला, घड्याळ लावलं आणि ओटीपासून पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत, त्या आजींच्या चालीनं चालत गेली. एका पायरीवर दोन्ही पावलं ठेवायची, मगच पुढची. परत आली तेव्हा वहीत लिहिलेलं होतं: अकरा मिनिटं, अडतीस पायऱ्या, कठडा नाही, सत्ताविसावी पायरी हलते.

सत्ताविसावी पायरी त्याच आठवड्यात सिमेंटनं बसवली. बाकीचं जसंच्या तसं जाहिरातीत गेलं. त्यानंतर तीन जणांनी पायऱ्यांची चौकशी केली आणि बुकिंग केलं नाही. थोरलीला वाईट वाटलं. ‘पुसून टाकू का ते?’ म्हणाली. मी नको म्हटलं, आणि का नको ते समजावून सांगायची वेळ आली नाही, तिला त्या आजी आठवत होत्या.

फेब्रुवारी ते एप्रिल कासवांच्या पिल्लांचा मोसम. तेव्हा धाकटा असाच कामाला येतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला घेतली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि तिथल्या साध्या घरांमधून लोक राहू लागले. पंचतारांकित काही नाही, शेणानं सारवलेली ओटी आणि पानावर भात. आमच्या भागात घरात पाहुणे ठेवायचं धाडस लोकांना त्यातूनच आलं. आता माणसं विचारतात, ‘कासवं नक्की दिसतील ना?’ धाकटा त्यांना सांगतो की अंडी उबायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, पिल्लं कधी वर येतील ते कुणाला सांगता येत नाही, आणि दिसली तर फ्लॅश मारायचा नाही. कोणाचा चेहरा पडला तरी तो ‘हो, दिसतील’ असं म्हणत नाही.

पैशांचंही बोलते, कारण तुमचा मूळ आक्षेप तिथेच आहे. थोरलीला वाटायचं की खोलीचे १,८०० रुपये आले म्हणजे ते सगळे आपले. एका रविवारी दुपारी तिच्याकडूनच हिशेब लिहून घेतला. ऑनलाइन बुकिंगचं कमिशन २७०, दोघांचा नाश्ता १६०, धुणं ८०, वीज १२०, काकूंचे २००, साबण-फिनेल-पाणी असं किडुकमिडुक ७०. उरले ९००. मग वर्षाच्या भरलेल्या रात्री मोजल्या, दोन्ही खोल्या मिळून २२०. पावसाळ्यात आमच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणजे १,९८,००० रुपये. त्यातून कर्जाचे हप्ते १,१४,०००. उरले ८४,०००. तिनं बाराने भागलं आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. ‘महिन्याला सात हजारच?’ त्या रात्री तिनं पंख्याचं बटण बंद करायला मला सांगावं लागलं नाही. सर, पुस्तक हातात हवंच, पण ही वहीही तिच्या हातात असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘पाहुणा’ या शब्दाबद्दल. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा अर्थ आपण शाळेत शिकतो. आमच्याकडे येणारा तारीख ठरवून, ॲडव्हान्स भरून येतो, आधारची प्रत देतो, वहीत सही करतो. तो अतिथी नाही, आणि ‘अतिथी देवो भव’ची पाटी आमच्या दारावर नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. पण पैसे देणारा म्हणजे परकाच, असंही आपल्याकडे कधी नव्हतं. त्र्यंबकेश्वरला, नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला माणसं पिढ्यान्‌पिढ्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, घरी उतरत आली. जाताना दक्षिणा ठेवत. आणि त्या घरातल्या वह्यांमध्ये आपल्या पणजोबांची नावं सापडतात. तो व्यवहार होता आणि ओळखही होती. मुलांना मी हेच सांगते की पैसे आपण खोलीचे, जेवणाचे आणि कष्टाचे घेतो. त्या आजींजवळ पायरीवर बसलीस, त्याचे घेतले नाहीत आणि कोणी देऊ लागलं तरी घ्यायचे नाहीत.

एका काकांनी जाताना धाकट्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली होती. त्यानं ती आणून माझ्याजवळ दिली, चेहरा मात्र उतरलेला. मुलांच्या हातात बक्षिशी नको म्हणून तेव्हापासून ओटीवर एक डबा ठेवला आहे. त्यात पडेल ते काकूंचं. हे मी धाकट्याला समजावलं, त्याला पूर्ण पटलेलं नाही. अजून मधूनमधून विचारतो. विचारू दे.

चादरीबद्दल तुम्ही लिहिलंत की दुसऱ्याचं अंथरूण मुलांना का उचलायला लावता. ते तुमचं बरोबर आहे. वापरलेल्या चादरी, टॉवेल, न्हाणीघर यांना मुलं आता हात लावत नाहीत, ते काम मोठ्यांचं. ती करतात ते नंतरचं: धुतलेला अभ्रा उलटा करून झटकायचा, नळ आणि दिवे चालू आहेत का बघायचे, तांब्या भरायचा, आणि कोणाची वस्तू राहिली असेल तर, एक रुपयाचं नाणं असलं तरी, तारीख घालून पाकिटात ठेवायची. शनिवारी आणि सुटीत, तासाभराचं काम. परीक्षेच्या महिन्यात तेही नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. मुलीला पुढे काय व्हायचंय ते मी विचारलं नव्हतं, हे कबूल करते. परवा विचारलं. तिला समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी कुठे जावं लागतं, बारावीला कुठले विषय घ्यावे लागतात, हे मला नीट माहीत नाही. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुमच्या ओळखीत कोणी त्या मार्गानं गेलं असेल तर कळवाल का? ती वाट बघते आहे.