तिच्या 'नाही'मुळे 87 माणसं मेली नाहीत

काल रात्री अकराला भाचीचा फोन आला. हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात एका हॉटेलच्या बारमध्ये तिला पहिली नोकरी लागलीये, अजून महिनाही झाला नाही. "मावशी, काकाआजोबांनी फॅमिली ग्रुपवर काय टाकलंय वाचलंस का? खाली माझं नाव लिहून 'वाच आणि वेळीच शहाणी हो' असं लिहिलंय." रडत होती. हाच मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, मग आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि दोन्ही वेळा मी जाऊ दे म्हणून सोडून दिलं. ते चुकलंच माझं.

मेसेज थोडक्यात असा. 1990 साली न्यूयॉर्कमध्ये हॅपी लँड नावाच्या नाइटक्लबमधल्या एका बाईने प्रियकराला 'नाही' म्हटलं, त्याने रागाने आग लावली, तिच्यापायी 87 जण गेले आणि ती मात्र वाचली. मेलेले सगळे दारुडे आणि गर्दुल्ले. पेट्रोलच्या आगीपुढे कुणाचं काही चालत नाही. आरोपी काही वर्षांत सुटला. 25 मार्च ही तारीखच शापित आहे. म्हणून आपल्या मुलींना रात्रीच्या नोकऱ्या करू देऊ नका.

ती बाई तिथे मजा करायला गेली नव्हती, कामावर होती. लोकांचे कोट सांभाळायचं काम होतं तिचं. त्या प्रियकराशी, हुलिओ गोन्सालेसशी, तिचं आधीच तुटलं होतं, तो रात्री क्लबमध्ये आला, परत चल म्हणून भांडायला लागला, तिने नकार दिला, गोंधळ वाढला तेव्हा बाउन्सरने त्याला बाहेर काढलं. इथपर्यंत कुणी मेलं नव्हतं. त्यानंतर तो चालत पंपावर गेला, एक डॉलरचं पेट्रोल विकत घेतलं, ते घेऊन परत आला, दारात ओतलं, काडी लावली, आणि घरी जाऊन झोपला. पोलिसांनी त्याला घरातून उचललं तेव्हा कपड्यांना पेट्रोलचा वास येत होता. आता मोजा यातली पावलं किती आणि प्रत्येक पावलाला त्याला मागे फिरायला किती वेळ होता. ते सगळं मेसेजमध्ये 'रागाने' या एका शब्दात उरकलंय, आणि बाईचं 'नाही' मात्र मथळ्यात.

आणि हे वाचून माझ्या भाचीने शिकायचं काय? उद्या कुणी तिच्या कामाच्या जागी येऊन हात धरला तर तिने गार्डला बोलवायचं नाही, गपचूप त्याच्याबरोबर जायचं, कारण नाहीतर लोक मरतील आणि खापर तिच्यावर फुटेल? काका, तुम्ही तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीये, तिला तुम्ही हे सांगताय? ती बाई वाचली हासुद्धा मेसेजमध्ये गुन्हाच झालाय. कोर्टाने 1991 मध्ये दोषी धरलं ते एकट्या गोन्सालेसला, खुनाच्या 174 आरोपांत, म्हणजे मेलेल्या प्रत्येक माणसामागे दोन.

तो सुटला हेही धादांत खोटं. किमान 25 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा होती, 2015 मध्ये पॅरोल नाकारला, 2016 मध्ये तो कैदेतच मेला. विषय संपला.

दारुडे-गर्दुल्ले म्हणणाऱ्याने मेलेल्यांपैकी एकाबद्दल तरी काही वाचलंय का? बहुतेक जण मध्य अमेरिकेतल्या होंडुरासहून आलेले, त्यातले बरेच गारिफुना, म्हणजे आफ्रिकन आणि कॅरिब मूळनिवासी वंशाचे लोक, ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी 1797 मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकललं होतं. हा क्लब न्यूयॉर्कच्या ज्या ब्राँक्स भागात होता तिथे मोठी वस्ती आहे त्यांची. आठवडाभर राबून शनिवारी रात्री आपल्या गावचं कार्निव्हल साजरं करायला, आपल्या भाषेत बोलायला, आपल्या पुंता संगीतावर नाचायला ही पोरं जमली होती. परदेशात मंडळाच्या गणपतीला आपली माणसं का जातात हे आपल्याला कळतं ना, मग हेही कळायला हवं.

हो, क्लब बेकायदा होता, एवढं मान्य करते. 26 मार्च 1990 च्या न्यूयॉर्क टाइम्सचा मथळा काढून बघा, 'बेकायदा क्लब' हे शब्द तिथेच आहेत. पण त्याच मथळ्यात क्लबमधून बाहेर काढलेल्या गिऱ्हाइकाला अटक झाली हेही आहे आणि 1911 नंतरची न्यूयॉर्कमधली सगळ्यात भीषण आग असंही आहे, ते मेसेजवाल्याला दिसलं नाही. आणि बेकायदा म्हणजे नाचणारे बेकायदा नव्हेत, जागा बेकायदा. नोव्हेंबर 1988 मध्येच ती बंद करायचा हुकूम निघाला होता, कारण बाहेर पडायला धड दुसरी वाट नाही, अलार्म नाही, स्प्रिंकलर नाही. तरी ती चालू राहिली. म्हणून ते 'पेट्रोलपुढे काही चालत नाही' पण खोटं. एक डॉलरच्या पेट्रोलने 87 माणसं मारता आली कारण आग होती नेमकी दारात आणि बाकी सगळं बंद. बहुतेक जण भाजून नाही, धुराने गुदमरून गेले, कित्येक जण वरच्या मजल्यावर. जागेशी संबंधित दोघांनी पुढे 1992 मध्ये नियम मोडल्याचं कबूल केलं, दंड आणि समाजसेवेवर सुटले, जेल नाही. चीड यायचीच असेल तर याची येऊ द्या.

शापाचं म्हणाल तर तारीख खरी आहे, हॅपी लँडची आगही 25 मार्चचीच. 25 मार्च 1911 ला त्याच शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, 146 कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. पण तिथे बाहेर पडायचं एक दार मालकांनी कुलूप लावून ठेवलेलं होतं. दोन्हीकडे वाट बंद होती, आणि ती माणसांनीच बंद केली होती.

क्लबच्या जागेसमोर आता स्मारक आहे, त्यावर 87 नावं कोरलीत, आणि त्या रस्त्याला 'प्लाझा ऑफ द एटी-सेव्हन' असं नाव दिलंय. घरची माणसं 25 मार्चला तिथे जमतात. ज्या कुणी हा मेसेज लिहिला त्याने त्यातलं एकही नाव लिहिलेलं नाही.

काका, हे सगळं मी तुम्हाला फोनवर पण सांगणार आहे. तोपर्यंत ग्रुपवरून मेसेज काढा, 'सगळ्यांसाठी' वर दाबून, आणि पोरीला स्वतः फोन करा. आज तिची शिफ्ट चारला आहे, त्याआधी करा. आणि तुमचं तिला काही विचारायचंच असेल तर त्या बारला मागचं दार आहे का आणि ते उघडं असतं का, एवढं विचारा.