बिल मॉयर्स यांच्याविषयी खुलासा

अमेरिकेतील ‘न्यूजडे’ या दैनिकाचे प्रकाशक राहिलेले बिल मॉयर्स हे केवळ सरकारी जनसंपर्काचे माणूस होते, वृत्तपत्राशी पूर्वी संबंध नसताना ते थेट त्याचे मालक झाले, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या जनसंपर्काची जबाबदारी त्यांनी सांभाळली आणि १९६५ पासून ते राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे प्रसिद्धी सचिव होते, हे खरेच. परंतु त्याच्या बऱ्याच आधी, वयाच्या सोळाव्या वर्षी, टेक्सासमधील मार्शल या गावच्या दैनिकात त्यांनी बातमीदारी केली होती. १९६७ मध्ये ते ‘न्यूजडे’चे प्रकाशक झाले, मालक नव्हे. मालकी हॅरी गुगेनहाइम यांच्याकडे होती, आणि मॉयर्स यांची उदारमतवादी भूमिका न रुचल्यामुळे गुगेनहाइम यांनी १९७० मध्ये आपला बहुसंख्य हिस्सा ‘टाइम्स मिरर’ कंपनीला विकला, त्यानंतर मॉयर्स पायउतार झाले. त्याच वर्षी लाँग आयलंडवरील जमीन व्यवहारांच्या शोधपत्रकारितेसाठी ‘न्यूजडे’ला लोकसेवेचे पुलित्झर हे पत्रकारितेतील मानाचे पारितोषिक मिळाले, ही नोंद वगळून त्यांची कारकीर्द सांगणे अन्यायकारक आहे.