हाताशी 120 कोटी डॉलर असतील तर

तुमच्याकडे 120 कोटी डॉलर पडून असतील आणि एफडीत ठेवायचा कंटाळा आला असेल, तर अमेरिकेत बेसबॉलचा संघ घ्या. शर्यतीचे घोडे नकोत, विमान कंपनी तर मुळीच नको. संघच घ्या, आणि शक्यतो हरणारा बघून घ्या. चालवायचा कसा, याची काळजी करू नका. मायामी मार्लिन्सच्या नव्या मालकांनी 2018 च्या हंगामात सगळं साग्रसंगीत करून दाखवलं आहे; आपण फक्त गिरवायचं.

आधी एक चेहरा शोधा. पैसा घालणाऱ्याला कुत्रं ओळखत नसतं. ब्रूस शर्मन यांनी ऑक्टोबर 2017 मध्ये मार्लिन्स घेतला तेव्हा सोबत डेरेक जीटर आणला. न्यूयॉर्क यांकीजकडून वीस हंगाम खेळलेला, पाचदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकलेला. त्याचा स्वतःचा वाटा अगदी थोडा, पण सीईओची खुर्ची त्याची, पेपरातला फोटो त्याचा. पुढे शिव्याही त्याच्याच वाट्याला आल्या, आणि चेहरा ठेवायचा तो यासाठीच.

मग दुकान उघडा. चांगला माल आधी काढा. मार्लिन्सकडे तेव्हा आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, असे तिघे होते की बाकीच्या मालकांनी पाहून हळहळावं. जानकार्लो स्टँटन 2017 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, 59 होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे सीमेपार फटके. त्याला डिसेंबरात यांकीजला देऊन टाकलं. म्हणजे सीईओसाहेबांच्या माहेरीच. करारातले 29.5 कोटी डॉलर डोक्यावरून उतरले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यातलेही तीन कोटी पुढेमागे आपल्याच खिशातून द्यायची तयारी दाखवली. त्याच महिन्यात मार्सेल ओझुना सेंट लुइसला गेला. या तिघांबाहेरचा डी गॉर्डन त्याआधीच सिअ‍ॅटलला. राहिला ख्रिश्चन येलिच. सव्वीस वर्षांचा, करार लांबलचक आणि स्वस्त. असा खेळाडू कोणी विकतं का? जानेवारीत तोही मिलवॉकीला गेला. मिलवॉकीत पोचल्यावर त्याने फलंदाजीत .326 ची झकास सरासरी राखली, 36 होमरन मारले आणि 2018 चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गेल्या वर्षीचा सर्वोत्तम आणि पुढच्या वर्षीचा सर्वोत्तम, दोघांनाही एकाच हिवाळ्यात वाटेला लावायचं, याला नुसता पैसा पुरत नाही, दृष्टी लागते.

कोणी कारण विचारलं तर गंभीर चेहरा करून ‘पुनर्बांधणी’ म्हणायचं. मायामीच्या लोकांना हे नवीन नाही, हे तुमचं भाग्य. 1997 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर तेव्हाच्या मालकाने संघ मोडीत काढला होता आणि पुढच्या वर्षी 108 सामने हरून दाखवले होते. 2012 मध्ये नवं कोरं स्टेडियम उघडलं आणि वर्ष संपायच्या आत निम्मे नावाजलेले खेळाडू टोरांटोला रवाना झाले. तुम्ही फक्त घराण्याची रीत पुढे चालवताय.

हंगामाची सुरुवात दणक्यात व्हायला हवी. 29 मार्च 2018, मायामीत शिकागो कब्जविरुद्ध सामना. मार्लिन्सच्या होसे उरेन्याने चेंडू टाकला. त्या वर्षी अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, टाकलेला तो पहिलाच चेंडू. इयान हॅपने तो थेट प्रेक्षकांत भिरकावला. एका चेंडूत हंगामाचा निकाल कळला. उरलेले 160 सामने कशाला खेळले, ते मालकच जाणोत.

त्या स्टेडियममध्ये डावीकडे एक सत्तर फुटी शिल्प होतं. गुलाबी फ्लेमिंगो, उड्या मारणारे मासे, लाटा, दिवे, असा जत्रेतला थाट. यजमानांनी होमरन मारला की ते सगळं हलायचं, गरगर फिरायचं. भडक होतं, मला तर बघून डोळे चोळावे लागतात. पण शेजारच्या पोरांना तेच हवं असायचं. जीटरच्या रुचीला ते पटेना. शिवाय 59 होमरनवाला विकल्यावर ते फिरवायचं तरी किती? हंगाम संपताच शिल्प बाहेर चौकात हलवायची परवानगी मिळवली. शिल्प काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, मालकीचं असल्याने परवानगी तरी मागावी लागली. खेळाडूंच्या बाबतीत तसली कटकट नव्हती.

प्रेक्षकांचं काय, असं विचारताय? मोजताना प्रामाणिक राहा. आधीचे मालक वाटलेली तिकिटंही धरायचे, असं म्हणा. आम्ही फक्त विकलेली धरतो. 2017 मधला पंधरा लाखांच्या वरचा आकडा 2018 मध्ये 8,11,104 वर आला. वर्षाला दहा लाखही प्रेक्षक न जमण्याची मेजर लीगमध्ये 2004 नंतरची ही पहिलीच वेळ. 2004 चा तो संघ मॉन्ट्रियल एक्सपोजचा, ज्याचा गाशा त्याच वर्षी मॉन्ट्रियलमधून गुंडाळला गेला. एप्रिलमधल्या एका रात्री तर मार्लिन्सच्याच हाताखालच्या जंबो श्रिम्प या संघाच्या सामन्याला जॅक्सनविलमध्ये जास्त माणसं होती. मार्लिन हा मासा आणि श्रिम्प म्हणजे कोळंबी; थोडक्यात, माशापेक्षा कोळंबी जास्त खपली.

तरी घाबरू नका. आयपीएलप्रमाणे इथेही शेवटून पहिला आलात म्हणून कोणी खालच्या लीगमध्ये ढकलत नाही. टीव्हीचे पैसे येतात, श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा येतो. तेव्हा तर वर बक्षीसही होतं: जितकं जास्त हराल, तितका नवोदितांच्या निवडीत तुमचा नंबर आधी. 2018 मध्ये 63 जिंकून 98 हरल्यावर मार्लिन्सला चौथा नंबर मिळाला. पुढच्या वर्षी आणखी जोर लावून 105 हरले, तेव्हा तिसरा.

वकील मात्र चांगला ठेवा. आधीचे मालक जेफ्री लोरिया यांनी 2002 मध्ये 15.85 कोटींना घेतलेला संघ 120 कोटींना विकला आणि हिशोब मांडून दाखवला की यात तोटाच झाला. सबब नफ्यातला ठरलेला पाच टक्के वाटा काउंटीला देणं लागत नाही. स्टेडियमचा बहुतेक खर्च त्या काउंटीच्या करदात्यांनी उचललेला! काउंटी कोर्टात गेली, त्यात नवे मालकही ओढले गेले. त्यांनी सांगितलं, आमचा एक भागीदार ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेला आहे, म्हणजे आम्ही परदेशी, तेव्हा प्रकरण लवादाकडे न्या. छातीवर मायामी लिहून खेळणारा संघ, आणि कोर्टात पत्ता कॅरिबियन बेटावरचा.

एक गोष्ट खरी, सगळेच सौदे वाया गेले नाहीत. ओझुनाच्या बदल्यात आलेला सँडी अल्कांतारा 2022 मध्ये लीगचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ठरला. जीटर तोवर, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, पद सोडून गेला होता.

आणि यश हवंच असेल, तर 2020 सालाकडून शिका. कोविडमुळे हंगाम 60 सामन्यांचा झाला, स्टेडियमचे दरवाजे लोकांसाठी बंद. मार्लिन्सने 31 जिंकले, 29 हरले आणि 2003 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठली. घरच्या मैदानावर टाळ्या वाजवायला एकही प्रेक्षक नव्हता. निम्मं काम तर 2018 मध्येच होऊन गेलं होतं.