‘नुसती वाळू दाखवली’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. सोलापूरहून एवढा खर्च करून लेंबेला डायव्हिंगला नेलं आणि काळी वाळू नि गवत दाखवलं, कोरल नाही, शार्क नाही, वर गाईडने हात धरून ओढलं, पैसे परत द्या, असं तुमचं म्हणणं.

लेंबे स्ट्रेट इंडोनेशियात, सुलावेसीच्या उत्तर टोकाला. ज्वालामुखीमुळं तिथली वाळू काळी, आणि जगभरातून लोक त्या वाळूसाठीच येतात, मक डायव्हिंग म्हणतात ते हेच, म्हणजे गाळ-वाळूच्या तळाशी लपलेले बारीक जीव शोधत पाण्याखाली हिंडायचं, बुकिंगच्या वेळी ऑफिसात व्हिडिओ लावून दाखवलं होतं की ओ. तिथं गड्ड्याच्या जत्रेत हिंडल्यासारखं भराभर पुढं जाऊन काही दिसत नाही, हातभर जागेवर थांबून बघावं लागतं. तुम्ही सगळ्यांच्या पुढं, पायातले फिन जोरात मारत, मागं गाळच गाळ.

ज्याला तुम्ही गवत म्हणालात त्यात घोस्ट पाइपफिशची, म्हणजे सीहॉर्सच्या नात्यातल्या माशांची, जोडी होती. डोकं खाली, पात्याबरोबर डुलत. मादीच्या पोटाखालचे पर जुळून पिशवी झालेली, त्यात अंडी, आणि अंड्यात पिल्लांचे डोळे, बारीक काळे ठिपके. सीहॉर्समध्ये हे काम बाप करतो, इथं आई. पुढं वाळूत गोबी नावाचा छोटा मासा नि कोळंबी एकाच बिळात, कोळंबीला धड दिसत नाही म्हणून ती बीळ उकरताना एक मिशी माशाला टेकवून ठेवते, त्यानं शेपटी हलवली की दोघं आत गडप. मला विचाराल तर शार्कपेक्षा हे भारी.

आता हाताचं. तुम्ही वाळूवर तळहात टेकवायला निघाला होता. असल्या वाळूत स्टोनफिश दबून बसलेला असतो, काटे विषारी, आणि नजरेला दगडच. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस पण तिथला, तळहातात मावेल एवढा, पण चावला तर त्याच्या विषावर उतारा नाही. गाईडने ओढलं ते बरोबरच केलं, पुढच्या वेळी पण ओढेल.

जेवणाचं म्हणाल तर शेंगा चटणी नि कडक भाकरी इथनं नेली होती, बाकी तिथला भात-मासा सगळ्यांना चालला.

ठरलेल्या सगळ्या डायव्ह झाल्यात, त्यामुळं रिफंड नाही. कोरल नि रंगीत मासेच बघायचे तर अंदमानला हॅवलॉकला चला, पण शार्कची गॅरंटी तिथं पण कोणी देत नाही. गाईडने काढलेले फोटो पेन ड्राईव्हमध्ये टाकून ठेवलेत, सात रस्त्याकडं आलात की ऑफिसातून घेऊन जा.